गाडीचा पायगुण

आजही कुणी माझ्यासमोर पायगुणाची भाषा केली की माझं डोकं फिरतं. मग समोर कोण बसलंय ते मी बघत नाही. माझ्या नातीच्या बारशात एक बाई पाळण्याकडं बघत म्हणाली, "बघू आता, पायगुण कसा निघतो." मी तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं. सून रडली, मुलगा आठवडाभर बोलला नाही. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

ही हकिकत सोलापूरची, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांतली. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. घरात अप्पा, अव्वा म्हणजे आई, माझ्यापेक्षा मोठी आक्का आणि मी. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला तोंड होतं. आक्का अगदी उलट. तिला कुणी ढकललं तर तीच "लागलं का तुम्हाला" म्हणून विचारायची. तिचा मला तेव्हाही राग यायचा.

तिचं लग्न गावातल्याच एका आडत्याच्या घरी ठरलं. मुलगा गोरा, शांत, हळू बोलणारा. त्यांनी पत्रिका मात्र तीन ठिकाणी दाखवली, आणि जुळली म्हटल्यावर इतक्या घाईनं साखरपुडा केला की अप्पांना दम घ्यायला वेळ मिळाला नाही. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. हट्ट एकच धरला. आमच्यात नवरदेव लग्नाआधी देवाला जातो तो घोड्यावरून. त्यांनी घोडा नको म्हणून सांगितलं. आमचा मुलगा त्या लाल गाडीतून जाईल, म्हणाले.

ती लाल गाडी तेव्हा सोलापुरात कुणाला माहीत नव्हती असं नाही. मूळची विलायती, पण तिला विलायती म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. छप्पर कापून टाकलेलं, मागची सीट काढलेली, पुढं चालवणारा सोडून दोघांपुरती जागा. लांबलचक नाक आणि त्यात जीपचं इंजिन. सायलेन्सर जवळजवळ नव्हताच, त्यामुळं ती दत्त चौकात असली तरी आमच्या माडीवरची भांडी वाजायची. अक्कलकोट रोडवर गॅरेज असलेल्या एका मिस्त्रीची ती होती आणि तो ती फक्त वरातीला भाड्यानं द्यायचा. बँडवाले वैतागायचे, कारण गाडीपुढं त्यांचं वाजवणं ऐकूच यायचं नाही. आम्हाला वाटलं, आडत्याला पैशाचा माज आलाय, दुसरं काय.

तर वैशाखात आक्काचा नवरा त्या गाडीत बसून देवाला गेला, लग्न लागलं, आणि संध्याकाळी आक्का त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसून सासरी गेली. दसऱ्याच्या आधी तो वारला. दुपारी छातीत कळ आली आणि संपलं. पंचविशी ओलांडलेली नव्हती त्यानं.

दिवस झाल्यावर सासऱ्यांनी आक्काला टांग्यात घालून आणून सोडलं, ट्रंकेसकट. सासूबाई आल्या नाहीत, त्यांचा निरोप आला. पोरगी पांढऱ्या पायाची आहे, धडधाकट पोराला खाल्लं, पुन्हा उंबऱ्यात पाय नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जिन्यावरून ओरडायला लागले तर अव्वानं माझ्या तोंडावर हात दाबला. अप्पा खाली मान घालून ट्रंक वर घेऊन आले.

सासरचे बोलले ते बोलले. ते परके होते. पण पेठेतल्या बायका सकाळी जिन्यात आक्का दिसली की मागं फिरायला लागल्या. आणि एक दिवस अप्पा, माझे अप्पा, ज्यांच्या मांडीवर बसून ती लिहायला शिकली, ते अव्वाला हळूच म्हणाले, "बोहनी होईपर्यंत तिला खाली पाठवू नकोस." आक्का शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती खाली यायचीच बंद झाली, ना बोहनीआधी ना नंतर. मी कॉलेजातून आले की तिला म्हणायचे, चल, जरा फिरून येऊ. ती म्हणायची, "नको गं, तुझी परीक्षा आहे. माझ्याबरोबर कशाला येतीस." हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. लोक काय बोलतात त्याचं मला एवढं भय नव्हतं. ती ते खरं मानायला लागली होती. खाणं सुटलं होतं, अंगावरचं लुगडं जड वाटावं अशी झाली होती. असंच चाललं असतं तर ती वर्ष काढणार नाही हे मला दिसत होतं.

अशात दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक अप्पांना म्हणालं, की त्या लाल गाडीनं यापूर्वीही एक नवरदेव खाल्लाय म्हणतात. झालं. बुडत्याच्या हाताला लाकूड लागावं तसे अप्पा उठून बसले. गाडीच अपशकुनी निघाली तर मुलीवरचं बालंट जाईल. गाडीचा हट्ट त्यांचा होता, आपला नाही. दोन्हीकडचे वडीलधारे बसवायचे आणि सगळ्यांसमोर हे सिद्ध करून दाखवायचं. बैठकीचा दिवससुद्धा त्यांनी ठरवून टाकला. मी म्हटलं, "अप्पा, आक्काची चूक नाही एवढं सांगायला तुम्हाला गाडी कशाला लागते?" ते म्हणाले, "तू गप. चल माझ्याबरोबर, चार लोकांना विचारायला तुझं तोंड उपयोगी पडेल."

असे आम्ही बापलेक एका मोटारीची कुळकथा काढायला निघालो. कुणी तरी मेलेलं सापडावं म्हणून.

मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवले. त्याच्याकडं गाडी आल्यापासून एकालाही खरचटलं नाही म्हणाला. आधीचं माहीत नाही, गाडी भीमाकाठच्या एका बागायतदाराकडून घेतली. त्याचं गाव उजनीच्या धरणात जायचं होतं. आम्ही एस.टी.नं तिकडं गेलो. गावात मोजणीच्या खुणा घरांच्या भिंतींवर मारून ठेवल्या होत्या आणि हा सत्तरीचा म्हातारा ओट्यावर बसून ऊस सोलून खात होता, स्वतःच्या दातांनी. गाडीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा फुलला.

"छप्पर म्याच कापलं की," तो म्हणाला. "वारं लागाय पायजे अंगाला. मग इंजान कमी पडाय लागलं, म्हनून जीपचं बसीवलं. रेल्वेच्या कडंकडंनं रस्ता हाय बगा, तितं मेलगाडीसंगं शर्यत लावायचो. इंजानवाला मला वळखायचा, लांबनंच शिट्टी मारायचा."

अप्पांना शर्यतीत गोडी नव्हती. त्यांनी घसा साफ करून विचारलं, "गाडीत कुणी दगावलं का कधी?"

"व्हय की. दोन कोंबड्या."

"माणूस म्हणतोय मी."

"मानूस कशाला मरतंय? माजी चार पोरं दवाखान्यातनं ह्याच गाडीतनं घरी आली. चारीबी धडधाकट हायती. एक तर फौजंत हाय." मग तो भिंतीवरच्या खुणेकडं बघून म्हणाला, "नव्या जागंला रस्ताच न्हाय, तितं गाडी काय डोक्यावर घेऊन जाऊ? म्हनून इकली. लई वंगाळ वाटलं." त्यानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना अप्पांचा पडलेला चेहरा मला दिसत होता. या घरात कुणी मेलं नाही याचं माझ्या बापाला वाईट वाटत होतं. मी भाकरीचा घास तसाच गिळला.

बागायतदारानं गाडी घेतली होती अक्कलकोटच्या एका कंत्राटदाराच्या घरून. पुढच्या सोमवारी आम्ही तिथं. कंत्राटदार जाऊन बरीच वर्षं झालेली, हे ऐकताच अप्पा सावरून बसले. पण तो म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून, अंथरुणात गेला होता. हे त्याच्या बायकोनंच सांगितलं. ती ऐंशीच्या घरातली, कपाळभर विभूती लावलेली, कन्नडात सुरू करून मराठीत संपवणारी. तिनं गाडीचा पहिला रंगसुद्धा सांगितला, हिरवा. नवऱ्यानं मुंबईहून कुणा साहेबाकडून आणली होती, आणि मठाच्या रस्त्यानं ही स्वतः ती चालवायची. लोक दारं लावून घ्यायचे म्हणे.

अप्पांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. म्हातारीनं अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.

"कुणाचं मरण शोधायलास तू?" ती म्हणाली.

अप्पा चाचरले. मग मीच सगळं सांगितलं, आक्काचं, सासूच्या निरोपाचं, बोहनीचंसुद्धा. बोहनीचं सांगताना मुद्दाम अप्पांकडं बघून सांगितलं. म्हातारीनं सुपारी कातरणं थांबवलं आणि अप्पांना म्हणाली, "गाडीला काय तोंड आहे का, उलटं बोलायला? म्हणून तिच्यावर घालायलास. तुझ्या पोरीलापण तोंड नाही वाटतं." अप्पा उठून चपला शोधायला लागले.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मैंदर्गीहून आलेली बाजाराची माणसं, पोती, कोंबड्या, उभं राहायला जागा नाही. मध्येच अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपण सांगू, एक गेला होता म्हणून. अक्कलकोटचा. कोण बघायला जातंय."

मी तोंड सोडलं. भरल्या गाडीत, बापाला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण तुमचीच मुलगी तुम्हाला विटाळ वाटते, तर तिला विहिरीत ढकला एकदाची, असं बोलले हे आठवतं. कंडक्टरनं घंटी वाजवायची थांबवून आमच्याकडं बघितलं. अप्पा रडायला लागले. मला त्यांची कीव आली नाही. बैठक तर परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मिस्त्रीकडं गेले. अप्पा खोटं बोलणार हे मला माहीत होतं, आणि एकदा का गाडी बदनाम झाली की त्याला कुणी वरातीला बोलावणार नव्हतं. त्या बिचाऱ्याचं घर त्यावर चाललं होतं. निदान आधी कळवावं म्हणून गेले. त्यानं माझं बोलणं ऐकलं आणि हातातला पाना खाली आपटला.

"ह्ये काय न्याव झाला व्हय, ताई? त्या लग्नात तर म्या फुलावानी गाडी हाकली. तुमच्या भनीचे सासरे किती येळा हितं येऊन गेले, इचारा त्यांना. त्येंच्यासाटनं तर म्या दार कापलं, ह्यी पायरी बसीवली. गादी मागं कलती करून दिली. पोराला पाय उचलाय लागू नये, म्हनले. वाटंत गाडी बंद पडली तर दुसऱ्यांनी ढकलायची, त्येला उतरवायचं न्हाय. त्येच्या काळजाला भोक हाय, पुन्याच्या डाक्टरनी चढ-उतार बंद केलीया, घोड्यावर तर बसायचंच न्हाय."

मी तिथंच टायरवर बसले.

"तुमाला म्हायती न्हवतं व्हय?" त्यानं विचारलं.

नाही. आम्हाला माहीत नव्हतं. कोळशाच्या भट्टीशेजारी बसलेल्या मिस्त्रीला माहीत होतं, कारण त्याला दार कापायचं होतं. आम्हाला फक्त मुलगी द्यायची होती. मी त्या पायरीला हात लावून बघितला. चांगली रुंद, सपाट, म्हाताऱ्या माणसाला करून द्यावी तशी केली होती. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. घरी येऊन मी अप्पांना एवढंच सांगितलं, की उद्या बैठकीत मी बोलणार, आणि आक्का आपल्याबरोबर येणार. आक्काला मी काय कळलंय ते रात्री सांगणार होते, पण ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हटलं, तिथंच ऐकेल.

आडत्याच्या दिवाणखान्यात सासू-सासरे, त्यांच्याकडचे दोन वडीलधारे आणि आमचे थोरले चुलते बसले होते. आक्का दारालगत बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढून. अप्पांनी गाडीचा विषय काढायला सुरुवात केली, तेवढ्यात मी मध्येच बोलले.

"काका," मी सासऱ्यांना म्हटलं, "तुमच्या मुलाच्या काळजाला भोक होतं हे तुम्ही मिस्त्रीला सांगितलंत. आमच्या आक्काला का नाही सांगितलं?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. ते नाही म्हणतील, आरडाओरडा करतील अशी तयारी करून मी गेले होते, आणि ते असे विझून बसले की मला क्षणभर काय करावं कळेना. आमचे चुलते "अरे अरे" म्हणायला लागले. मला वाटलं, सुटलो. आता या बाईला बोलायला जागा राहिली नाही.

पण सासूबाई बोलल्या, आणि वर तोंड करून बोलल्या.

"होय, माहीत होतं. म्हणून तर हिला केली. तीन-तीन ज्योतिषी सांगत होते, हिच्या पत्रिकेत अखंड सौभाग्य आहे, नवरा ऐंशी वर्षं जगेल. डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हटलं, हिच्या कुंकवाच्या बळावर तरी जगेल माझं लेकरू. नाही जगलं. मग हिच्या पायात खोट नाही तर कुणाच्या?"

म्हणजे औषध म्हणून आणली होती. पत्रिका बघून, पुडी बांधून घ्यावी तशी. गुण आला नाही म्हणून परत केली. आणि त्या दोन वडीलधाऱ्यांपैकी एकानं, मी खोटं सांगत नाही, हे ऐकून मान डोलावली. पत्रिकेचं बळ कमी पडलं म्हणायचं, असं काहीतरी पुटपुटला. मी उठून उभी राहिले. त्या दिवशी मी कुणाच्या तरी अंगावर हात टाकला असता.

"अत्ती," आक्का म्हणाली. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. तिचा आवाज इतक्या महिन्यांत त्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. तिनं पदर मागं सारला होता आणि ती सासूकडं सरळ बघत होती.

"त्या दिवशी दुपारी ते दुकानातून लवकर आले. म्हणाले, छातीत जड वाटतंय. मला वाटलं गॅस असेल, सकाळी भजी खाल्ली होती. मी स्वयंपाकघरात आले आणि तुम्हाला विचारलं, ओवा कुठं आहे. आठवतंय का?"

सासूबाईंनी पदराचं टोक मुठीत घेतलं.

"तुम्ही विचारलंत, कशाला. मी सांगितलं, त्यांना छातीत जड वाटतंय म्हणून. तुम्ही फळीवरचा डबा काढून माझ्या हातात दिलात. मी ओवा दिला, वरून गरम पाणी दिलं, पडा म्हटलं. दवाखाना आपल्या गल्लीच्या तोंडाशी होता. मी त्यांना पाठीवर घालून नेलं असतं, अत्ती. मला कुणी सांगितलं असतं तर. मी इतके दिवस म्हणत होते, माझं चुकलं, मी ओवा दिला. पण तुम्हाला माहीत होतं. मला कळू नये म्हणून तुम्ही डबा दिलात."

तिचा आवाज कुठंही चढला नाही. ती उठली, माझा हात धरला आणि दाराकडं निघाली. तिची पकड घट्ट होती. अप्पा आमच्या मागं धडपडत आले. दारात मी वळून बघितलं. सासूबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. सासऱ्यांनी मान वर केली होती आणि ते बायकोकडं बघत होते.

"तुला सांगितलं होतं हिनं? छातीचं?" त्यांनी विचारलं.

उत्तर ऐकायला आम्ही थांबलो नाही.